मधली नळी

अकरावीच्या वर्गाला मी मराठी शिकवते आणि वर्गावर चिडते. दोन्ही कामं मी सारख्याच नेमानं करते, असं माझ्या घरचे म्हणतात. मी मूळची धुळ्याची. आता राहते जळगावला आणि रोज सकाळी गाडीनं बोदवड स्टेशनात उतरते. तिथून रिक्षानं एका केळी-कापसाच्या गावात जायचं, तिथं आमचं कनिष्ठ महाविद्यालय आहे. त्याला लागूनच मुलींचं वसतिगृह.

माझ्या चिडण्याचं कारण एकच. आपलं म्हणणं आणि धड्यातला पुरावा एकमेकांना जोडायचा असतो, हे मुलांच्या गावीही नसतं. ‘शिंपी प्रामाणिक आहे,’ असं एक विधान ठोकून देतात. त्याखाली अवतरणचिन्हांत धड्यातलं एक वाक्य डकवतात, की शिंप्यानं उरलेलं चिंधीएवढं कापडही घडी घालून परत दिलं. की लगेच पुढचं विधान. अरे, पण चिंधीचा आणि प्रामाणिकपणाचा संबंध काय? ती चिंधी कोणी मागायला आलं नसतं, तरी त्यानं दिली, म्हणून तो प्रामाणिक, हे कोण लिहिणार? ते त्यांनी गाईडवाल्यावर सोपवलेलं असतं आणि गाईडवाल्यानं देवावर.

एकदा असंच डोकं फिरलं असताना मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेर केळीचा बाग. म्हटलं, “विहिरीत पाणी आहे? आहे. केळी उभी आहे? आहे. मधली ठिबकची नळी कोणी उपटून नेली, तर केळीला पाणी पोचेल?” सगळा वर्ग हसला आणि सगळ्या वर्गाला एका दमात कळलं. पुरावा म्हणजे विहीर, विधान म्हणजे केळी, आणि ‘यावरून असं दिसतं, कारण’ ही मधली नळी. त्या दिवसापासून वहीत लाल शाईनं मी एवढंच लिहायला लागले, ‘नळी कुठाय?’ पोरं सुधारली. एकमेकांच्या उत्तरांत नळ्या शोधायला लागली. मी घरी जाऊन स्वतःची पाठ थोपटून घेतली.

एकीला मात्र काही केल्या जमेना. ती वसतिगृहातली, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून आलेली. घरची शेती पावसावरची, बाकी मग डिंक, मोहाची फुलं आणि आई-बापाची मजुरी. तिच्या कुटुंबात अकरावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. अभ्यासाला कष्टाळू, धडे पाठ, पण उत्तरात विधान आणि पुरावा दोन अनोळखी पाहुण्यांसारखे शेजारी बसलेले. एकदा मी तिला उभं करून विचारलं, “तुला नळी म्हणजे काय कळलं का?”

ती म्हणाली, “मॅडम, आमच्याकडं विहीर नाही. पाऊस पडतो, मग पिकतं.”

वर्गात जो काही हशा पिकला! पहिल्या बाकावरच्या, पहिल्या नंबरच्या मुलीला तर हसू आवरेना. तिच्या वडिलांची विहीर, त्यांच्या नळ्या, त्यांचाच तो खिडकीबाहेरचा बाग. मी वर्गावर खेकसले. वसतिगृहातली मुलगी खाली बसली.

त्याच आठवड्याच्या शेवटी आमची भरीत पार्टी होती. थंडीत आमच्या भागात एखाद्या शेतात जाऊन भरीत केल्याशिवाय हिवाळा आला असं कोणी मानतच नाही. या वेळी पहिल्या नंबरच्या मुलीच्या वडिलांनी आख्ख्या वर्गाला बोलावलं होतं. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर लांबडी हिरवी वांगी भाजली, पोरांनी बोटं पोळवून घेत ती सोलली, लाकडी मुसळीनं ठेचली. मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत पुऱ्या आणि गार ताक. ताक दोन-तीन घरांतून आलेलं, भरपूर.

वसतिगृहातली मुलगी बांधावर फिरत होती. तिनं कसलासा आंबट पाला तोडला, आधी स्वतः चघळला, मग चिमूटभर भरताच्या पातेल्यात टाकला. माझ्यासमोरच. म्हणाली, “मॅडम, चव येते.” आणि खरोखर आली. मी दोनदा वाढून घेतलं. ताकाला मात्र मी हात लावला नाही, खोकला झाला होता. तिनंही नाही लावला. वाढणारा आग्रह करायला लागला, तर म्हणाली, “आमच्याकडं दूध वासराचं. आम्ही नाही पीत.” त्यावरही दोघं-तिघं हसलेच.

मी संध्याकाळच्या गाडीनं जळगावला पोचते न पोचते तोच फोन. मुलांना उलट्या होताहेत. घाम फुटलाय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, एक जण तर अंगणातच कोसळला. मिळेल त्या गाडीनं परत गेले. दवाखान्यात एका खाटेवर दोन-दोन पोरं, प्रत्येकाच्या हाताला सलाईन, आणि बाहेर ओट्यावर रडणाऱ्या आया. डॉक्टर म्हणाले, पोटात विष गेलंय, औषध असेल नाहीतर एखादा झाडपाला. आमच्याकडे औषध म्हणजे फवारणीचं, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. सुदैवानं वेळेवर आणलं होतं. सगळी वाचली. शेवटच्या मुलाचं सलाईन निघेपर्यंत मी दवाखान्यातच होते. बाहेर गावात काय शिजतंय, ते मला ठाऊकच नव्हतं.

महाविद्यालयात गेले तर प्राचार्यांनी बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलावर एक अर्ज होता. अकरावीच्या वर्गाचा. खाली बहुतेक सगळ्यांच्या सह्या. अक्षर पहिल्या नंबरच्या मुलीचं, मी ते झोपेतही ओळखेन.

“वाचा,” प्राचार्य म्हणाले. “फार मुद्देसूद लिहिलंय. तुमची शिकवण दिसते हो.”

मी वाचलं. ‘त्या दिवशी तिने बांधावरचा पाला तोडून भरताच्या पातेल्यात टाकला. हे आमच्यापैकी अनेकांनी पाहिले. त्याच संध्याकाळी वर्गातील मुले आजारी पडली. तिला मात्र काहीच झाले नाही. त्याच आठवड्यात वर्ग तिला हसला होता, त्यामुळे तिच्या मनात राग होता. यावरून असे दिसते की, तिनेच विषारी पाला मिसळला. कारण ज्याला इजा होत नाही, त्याला काय खाऊ नये हे आधीच ठाऊक असते. तरी तिला वसतिगृहातून काढून टाकावे ही विनंती.’

मी तो कागद पुन्हा वरून खाली वाचला. विधान होतं. पुरावे होते, आणि एकूण एक खरे होते. ‘यावरून असे दिसते’ होतं, ‘कारण’ होतं, स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. इतके महिने घसा फोडून मी जे मागत होते, ते सगळं या पोरांनी मला एका पानावर करून दिलं होतं. असा कागद परीक्षेत आला असता, तर मी पैकीच्या पैकी गुण देऊन तो दुसऱ्या वर्गांत वाचून दाखवला असता.

“सर, तो पाला मी खाल्लाय,” मी म्हटलं.

“असेल,” ते म्हणाले. “पण पालक ऐकत नाहीत. दोन-तीन जण तर तिला समोर आणा म्हणून बसलेत. वातावरण शांत होईपर्यंत तिनं घरी गेलेलं बरं. वडिलांना कळवलंय.”

घरी गेलेलं बरं! त्या गावातून घरी गेलेली मुलगी परत कुठल्या बसनं येते, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. ती गेली की तिचं शिक्षण संपलं. लग्न तरी लावून देतील, नाहीतर ऊसतोडीला तरी नेतील. मी तिथून निघाले ते थेट वर्गात.

वर्ग बऱ्यापैकी भरला होता. काहींचे चेहरे अजून उतरलेले. पहिल्या नंबरच्या मुलीच्या मनगटावर सलाईनची पट्टी तशीच होती, तीही आजारी पडलेल्यांतलीच. वसतिगृहातली मुलगी जागेवर नव्हती. मी खडू घेतला आणि तो अर्ज ओळीनं फळ्यावर उतरवला.

“पाला टाकला. खरं?”

“खरं, मॅडम.”

“तिला काही झालं नाही. खरं?”

“खरं.”

“मला काय झालं?”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

“भरीत मी दोनदा घेतलं. मला साधी करपट ढेकर नाही. ज्याला इजा होत नाही त्याला आधीच ठाऊक असतं ना? मग मलाही ठाऊक होतं. लिहा अर्ज. काढा मला.”

मागच्या बाकावरचा एक जण चाचरत म्हणाला, “मॅडम, तुम्ही कायले पाला घालसान?”

“का? नळी तीच आहे की! तिच्या केळीला पाणी पोचवते, मग माझ्या केळीशी आल्यावर कोरडी कशी पडते?”

“पण मॅडम, आख्खं गाव म्हनू राह्यलं...”

माझा तोल गेला. मी चिडले की धुळं, म्हणजे माझी अहिराणी, तोंडावाटे बाहेर पडतं, ही वर्गाची नेहमीची करमणूक आहे. मी ओरडले, “बठ्ठा म्हनतस म्हनीसन खरं शे का?” एरवी यावर पोरं बाकं बडवून हसली असती. त्या दिवशी एकही हसलं नाही.

मी पाणी प्यायले. मग शांतपणे म्हटलं, “आता आपण नीट करू. ज्यांना त्रास झाला त्यांनी उभं राहा.” अर्ध्याहून जास्त वर्ग उभा राहिला. “भरीत कोणी खाल्लं?” उभ्यांनी हात वर केले, बसलेल्यांनीही केले. “पुऱ्या?” पुन्हा सगळ्यांचे हात. “ताक?”

उभ्यांचे हात वर गेले. बसलेल्यांपैकी एकाचाही नाही.

मलाही ते तोवर दिसलं नव्हतं. तिला ठरवून दोषी धरू नये एवढंच मला हवं होतं. खरं काय झालं, हे माझ्या डोक्यातही नव्हतं. बसलेल्यांतली एक हळूच म्हणाली, “मले ताक भावतच नाही, मॅडम.” दुसरा म्हणाला, त्याच्यापर्यंत येईतो संपलं होतं.

पहिल्या नंबरची मुलगी उभीच होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला आधी वाटलं, हिला पुन्हा चक्कर येतेय.

“मॅडम,” ती म्हणाली. “ताक पातेल्यात मावत नव्हतं. पप्पांनी मोटरीच्या खोलीतून बादली आणली. निळी. सगळं ताक तिच्यातच ओतलं.”

“मग?”

“औषध कालवायची हाय ती. फवारणीची.” आणि मग एकदम जोरात, रडत, “पन धुतली व्हती, मॅडम! मी पाह्यलं, दोनदा धुतली व्हती त्यांनी!”

म्हणजे हिनं ती बादली पाहिली होती. बापाला ती धुताना पाहिलं होतं. अर्ज लिहिताना ती बादली हिच्याच शेतात होती आणि तरी हिच्या पुराव्यांत आली नव्हती. लपवली नव्हती तिनं, शपथेवर सांगते. पोरगी तेवढी लबाड नाही. बापानं धुतलेली बादली हा पुरावा असू शकतो, हे तिच्या मनाला शिवलंच नव्हतं. बाहेरच्या, न बोलणाऱ्या, ताक न पिणाऱ्या मुलीकडे बोट गेलं, आणि बोट गेल्यावर पुरावे आपोआप मागे चालत आले. विधान आधी ठरलं होतं. विहिरी मागाहून खणल्या होत्या. आणि नळी कशी जोडायची, ते मी शिकवलेलंच होतं.

“ती कुठाय?” मी विचारलं.

“तिचे वडील आले सकाळीच. स्टँडवर गेले, मॅडम.”

मी प्राचार्यांच्या खोलीत डोकावून उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ते जागचे उठले, चष्मा काढला, पुन्हा घातला. “अरे बापरे,” म्हणाले. “मग थांबवा ना तिला.” जणू रिक्षा थांबवायची होती.

स्टँडपर्यंत मी अक्षरशः पळत गेले. साडीत, या वयात, भर बाजारातून. लोक बघत होते, बघू दे. शेडखाली तिचा बाप उकिडवा बसला होता. बाजूला पत्र्याची पेटी, पेटीवर दोरीनं बांधलेलं अंथरूण. ती उभी होती, कॉलेजच्या गणवेशावर स्वेटर घालून. रडलेली नव्हती. तेच मला जास्त लागलं.

मी धापा टाकत एका दमात सांगून टाकलं. पाल्यानं नाही, ताकानं झालं. बादली औषधाची होती. वर्गासमोर सिद्ध झालं. प्राचार्यांनी परत बोलावलंय.

बाप उठला. त्यानं हात जोडले, म्हणाला, “बरं झालं, बाई. पोरीवरचा आळ गेला. पन आता नेतो मी तिले. आज बादली सापडली. उद्या दुसरं काही झालं तर?”

“नाही होणार,” मी म्हणाले. “मी आहे ना. यापुढे तिला कोणी एक शब्द बोलणार नाही. ती इथं सुरक्षित आहे.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. आवाजात उद्धटपणा नव्हता, रागही नव्हता. वर्गात मी जसं विचारते, अगदी तसंच तिनं विचारलं.

“कशावरून, मॅडम?”

कशावरून? प्राचार्यांनी बोलावलंय, यावरून? त्यांनीच सकाळी तिला धाडलं होतं. वर्ग गप्प बसलाय, यावरून? हाच वर्ग अर्जावर सह्या करतानाही गप्पच होता. गावाला तर अजून बादलीचा पत्ता नव्हता, आणि कळल्यावर गाव कोणाची बाजू घेईल? एका शेतकऱ्याची, ज्याचा बाग सगळ्यांना माहीत आहे, की हिची? एकेक विहीर मी डोकावून पाहिली. एकीतही पाणी नव्हतं. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. खोटं सांगितलं तर ती थांबेल, हे मला दिसत होतं. माझ्यावर तेवढा विश्वास होता तिचा. आणि उद्या काही झालं असतं, तर तोच विश्वास तिला महागात पडला असता.

“माझ्याकडे पुरावा नाही,” मी म्हणाले.

ते शब्द माझ्याच कानांना कसेसेच वाटले. लांबून बसचा हॉर्न आला. बापानं अंथरुणाची दोरी पकडली. मी डोळे पुसले. म्हटलं, गेली आता.

ती बापाशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली. त्यानं मान हलवली, नाही म्हणून. ती पुन्हा बोलली, या वेळी जरा लांब, हातानं माझ्याकडे दाखवत. त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग दोरीवरचा हात काढला. पुढच्या बाजाराच्या दिवशी येऊन बघतो, एवढंच मला म्हणाला.

“काय सांगितलंस त्यांना?” मी विचारलं.

“हेच,” ती म्हणाली. “मॅडमकडं पुरावा नव्हता, तर त्यांनी नाही म्हणून सांगितलं. काही जोडून दिलं नाही. म्हणून मी थांबते.”

बस आली. तिचा बाप एकटाच चढला. पेटीची एक कडी तिनं धरली आणि दुसरी मी.